खाते तिचे, व्यवहारही तिचाच

दिवाळी सरली की विदर्भात कापसाची वेचणी जोर धरते आणि याच दिवसांत या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. वर्षातून एकदाच बाईच्या हातात थोडा रोख पैसा येतो, आणि तो कुठे ठेवायचा, कुणाला द्यायचा, कुणाला नाही म्हणायचे हे प्रश्नही त्याच्यासोबत येतात. या वेळी पाच पत्रांना उत्तरे देत आहे. नावे छापू नयेत ही विनंती पाळली आहे. मजकूर थोडा आवरला आहे, अर्थ बदललेला नाही. मी स्वतः तेवीस वर्षे ग्रामीण भागातल्या बँक शाखांत काम केले, त्यामुळे खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे काउंटरच्या आतून पाहिलेले आहे.

प्रश्न : मी रोजमजुरीने कापूस वेचते. लाडकी बहीण योजनेचे पैसेही माझ्या खात्यात येतात. खाते माझ्या नावाचे असले तरी एटीएम कार्ड मुलाजवळ असते, आणि मिनी बँकेत आमच्या घरचे मला सोबत नेतात तेव्हा मी फक्त अंगठा लावते. किती जमा झाले, किती काढले हे मला कळत नाही. विचारले तर ‘तुला काय समजते त्यातले’ म्हणतात. घरात भांडण न करता माझा व्यवहार माझ्या हातात कसा घेऊ? (तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ)

ताई, ‘तुला काय समजते’ हे शब्द वाचले आणि मला माझी आई आठवली. आमच्या घरी दोन म्हशी होत्या आणि गावातल्या सात-आठ घरी दुधाचा रतीब होता. आईला लिहिता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची, अर्ध्या लिटरची आखूड, लिटरची लांब, आणि ज्या दिवशी दूध गेले नाही त्या दिवसाची आडवी. महिना संपला की भिंतीसमोर उभी राहून प्रत्येक घराचा हिशेब ती तोंडी सांगायची आणि तो चुकल्याचे मला आठवत नाही. तीच आई बाबांबरोबर बँकेत गेली की दाराजवळच्या बाकावर बसून राहायची आणि कुणी काही विचारले तर ‘त्यांना विचारा, मला नाही समजत’ म्हणायची. हिशेब तिला चांगला समजत होता, त्या इमारतीत मात्र तिला कुणी कधी काउंटरपर्यंत येऊ दिले नव्हते. तुमचेही तसेच असावे, कारण दिवसभरात किती किलो वेचला आणि त्याचे किती झाले हे काट्याजवळ उभ्या राहून तुम्ही नक्कीच तोंडी सांगत असाल.

सुरुवात पासबुकापासून करा. कार्ड मागितले की घरात वाद होतो. पासबुक भरून आणते म्हटले तर सहसा कुणी अडवत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा पासबुक सोबत न्या आणि शाखेतून नोंदी छापून घ्या. खातेदार तुम्ही आहात, त्यामुळे सोबत दुसरे कुणी असण्याची गरज नाही. पासबुक हरवले असेल तर अर्ज देऊन दुसरे मिळते. छापलेल्या पानावर तारखेपुढे काढलेली रक्कम, जमा झालेली रक्कम आणि शिल्लक असे रकाने असतात, आणि शिल्लकेच्या रकान्यातला सर्वांत खालचा आकडा हा तुमचा त्या दिवशीचा पैसा असतो. योजनेचे १,५०० रुपये कोणत्या तारखेला जमा झाले ते बोट ठेवून शोधा आणि त्यानंतर ते कधी निघाले ती ओळ शोधा. पहिल्या वेळी समजले नाही तर काउंटरवर विचारा. विचारणाऱ्या बाईला ओळ दाखवून समजावणे हे तिथल्या माणसाचे काम आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. तीन-चार महिने हे केले की वर्षाला किती आले आणि किती गेले ते कुणाला न विचारता तुम्हीच सांगू शकाल.

यानंतर मोबाइल क्रमांक पाहा, आणि मला तो कार्डापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. खात्याला ज्याचा क्रमांक जोडलेला असतो त्यालाच पैसे आल्या-गेल्याचा संदेश जातो आणि ओटीपीही त्यालाच जातो. बहुतेक घरांत हा क्रमांक मुलाचा असतो. तुमच्याजवळ साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. शाखेत अर्ज देऊन तुमचा क्रमांक जोडून घ्या.

मिनी बँकेत, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, तुम्ही लावलेला अंगठा म्हणजे तुमची सही आहे. म्हणून किती रक्कम काढायची ते स्वतःच्या तोंडाने सांगा, यंत्रावर उमटलेला आकडा पाहा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. वेचणीच्या दिवसांत वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटे चिरलेली असतात, ठसा उमटत नाही, आणि ‘पुन्हा लावा, पुन्हा लावा’ असे तीन-चार वेळा होते. माझ्या शाखेत एकदा एक आजी पासबुक घेऊन आल्या. त्यांच्या हातात आले होते एक हजार, आणि पासबुकात एकाच तारखेला हजार-हजार काढल्याच्या दोन ओळी होत्या. पहिल्या वेळी ‘झाले नाही’ असे सांगून त्यांचा अंगठा पुन्हा लावून घेतला होता आणि पावती एकाही वेळी दिलेली नव्हती. त्या पैशांसाठी त्यांनी जे हेलपाटे घातले ते मी पाहिले आहेत, म्हणून आग्रहाने लिहिते की व्यवहार झाला नाही असे सांगितले तरी तसे छापलेली पावती मागायची. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. तक्रार आपल्या शाखेत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

हे सगळे अंगवळणी पडल्यावर कार्डाकडे वळा. ते परत मिळाले की पिन बदला आणि तो मुलालाही सांगू नका. मुलाच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात काही नाही; तुमच्या खात्यातून पैसे निघताना तुम्ही तिथे असलेच पाहिजे, इतकेच मला म्हणायचे आहे. घरी ‘माझे पैसे मला द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘या महिन्यात मीच जाऊन काढून आणते’ असे म्हणून पाहा. घरखर्चाला पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण ते तुमच्या हाताने निघोत आणि तुमच्या हाताने दिले जावोत. आणखी एक : अंगठ्याऐवजी सहीने खाते चालवायचे असेल तर शाखेत अर्ज करून नमुना सही देता येते. सही शिकायला आठ-पंधरा दिवस पुरतात.

प्रश्न : श्रावणात माझे पती हृदयविकाराने गेले. सातबाऱ्यावर त्यांच्या एकट्याच्या नावाने साडेतीन एकर वावर आहे आणि त्यावर बँकेचे पीक कर्ज आहे. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत आहे. सासूबाई आमच्यातच राहतात. माझे भासरे (मोठे दीर) म्हणतात की मुलगा सज्ञान झाला की त्याच्या नावाने फेरफार करू, तोवर शेत ते पाहतील. त्यांनी एका कागदावर माझी सही मागितली आहे. सही करावी का? कर्ज माझ्या अंगावर येईल का? (तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशिम)

सही करू नका. कागदाची प्रत मागून घ्या, आणि ती दिली जात नसेल तर सही न करण्याचे ते पुरेसे कारण आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. कागदावर ‘हक्कसोड’ हा शब्द असेल, किंवा संमती, ताबा, कुलमुखत्यार असे काही लिहिलेले असेल, तर आधी तिथे दाखवा.

आता जमिनीचे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे आणि तो बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू होतो. मृत्युपत्र केलेले नसेल तर तुमच्या पतीचे पहिल्या वर्गातले वारस चौघे आहेत : तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. जमीन पतीने स्वतः घेतलेली असेल तर चौघांचे हिस्से सारखे. ती वडिलोपार्जित असेल तर हिश्शांचे गणित थोडे वेगळे होते, कारण मुलगा आणि मुलगी या दोघांनाही जन्माने हक्क असतो. मुलीच्या या हक्काबाबत उरलासुरला संशय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० च्या निकालाने दूर केला आहे. कोणत्याही गणितात तुमचा हिस्सा शून्य होत नाही, आणि भासऱ्यांचे नाव वारसांच्या या यादीत येत नाही.

मुलगा सज्ञान होईपर्यंत थांबण्याची काहीही गरज नाही. अज्ञान मुलांची नावेही सातबाऱ्यावर लागतात आणि त्यांच्यापुढे पालनकर्ती म्हणून आईचे नाव येते. पतीच्या मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये आणि नाते लिहिलेला अर्ज व प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. अर्जावर फेरफार नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कायद्याने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे जमीन महसूल अधिनियमात म्हटले आहे. तुम्हाला उशीर झाला असला तरी हक्क जात नाही, पण आता आणखी थांबू नका. अर्जाची पोच घेणे इथेही तितकेच महत्त्वाचे आहे. अज्ञान मुलांचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही कुणी घाई केली तर सांगता येईल.

कर्जाविषयी भीती बाळगू नका. वारसाला जी मालमत्ता मिळाली तिच्या मर्यादेतच मृताच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची स्वतःची सही नसेल, तर तुमच्या मजुरीला किंवा माहेरच्या दागिन्यांना त्या कर्जाचा हात लागत नाही. बँकेत जाऊन मृत्यूची माहिती लेखी द्या आणि येणे किती आहे ते लेखी घ्या. वारस नोंद झाल्यावर पुढच्या खरिपाला कर्ज तुमच्या नावाने घेता येईल. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्यावर व्याज पडत नाही, म्हणून मुदत चुकू देऊ नका.

शेवटी एक काम सांगते, आणि ते आजच करा, कारण या बाबतीत मी घरांचे झालेले नुकसान पाहिले आहे. पतीचे पासबुक काढा आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. तिथे ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्षाची रक्कम आहे, आणि आजाराने झालेल्या मृत्यूलाही त्यात दोन लाख रुपये मिळतात. वीस रुपयांची ओळ असेल तर तो अपघाताचा विमा आहे, तो तुमच्या बाबतीत लागणार नाही. बँक आपण होऊन तुम्हाला शोधत येत नाही. मृत्यूचा दाखला आणि विम्यात नॉमिनी म्हणून नाव लावलेल्या व्यक्तीची कागदपत्रे घेऊन शाखेत दावा दाखल करावा लागतो, आणि जितका उशीर तितक्या शंका काढल्या जातात. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी तहसील कार्यालयात करून ठेवा.

प्रश्न : मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. दहा जणी आहोत, महिन्याला शंभर रुपये बचत करतो आणि आपसांत शेकडा दोनने कर्ज देतो. दोन वर्षांपासून खासगी फायनान्सवाले गावात येतात. ते ‘वर्षाला बारा टक्के’ सांगतात, म्हणून सहा जणींनी तिकडून कर्ज काढले. आता एकीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो. हप्ता चुकला की वसुलीवाला रात्री आठपर्यंत ओट्यावर बसून राहतो आणि बाकीच्यांना ‘तुम्ही भरा’ म्हणतो. ते कर्ज खरेच आमच्यापेक्षा स्वस्त आहे का? आणि आम्ही काय करावे? (तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

गटाच्या वहीमागे एक कोरे पान असेल, त्यावर माझ्याबरोबर हिशेब करा. समजा ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी सरसकट बारा टक्क्यांनी घेतले. सरसकट म्हणजे मुद्दल फिटत गेली तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ४०,००० वर धरायचे. वर्षाचे ४,८००, दोन वर्षांचे ९,६००, एकूण फेड ४९,६००, म्हणजे महिन्याला साधारण २,०६७ रुपये. वर्षभरात निम्मी मुद्दल परत गेली, तरी तेराव्या महिन्यातही व्याज ४०,००० वरच चालू आहे. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा सुरुवातीलाच कापून घेतात, त्यामुळे हातात ४०,००० येतही नाहीत. म्हणून ‘किती टक्के’ एवढेच विचारून थांबू नका. हातात किती पडणार आणि शेवटपर्यंत एकूण किती भरायचे, हे दोन आकडे मागा.

आता गटाची बाजूही खरी सांगायला हवी. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात, आणि केवळ दर पाहिला तर तो कंपनीपेक्षा कमी नाही. पण तुम्ही ते घटत्या शिलकीवर घेता, आणि भरलेले व्याज गावाबाहेर न जाता तुमच्याच पेटीत जमा होऊन पुढे तुमच्यातच वाटले जाते. अडचण दुसरीकडेच आहे. दहा जणींच्या शंभर रुपयांनी वर्षाला बारा हजार जमतात, आणि रोवणीच्या तोंडावर तिघींना एकदम पैसे लागले तर पेटी पुरत नाही. ती पोकळी कंपनीवाल्यांनी भरली. ती बँकेच्या कर्जाने भरायला हवी होती.

गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये सुरू केला. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला तीन लाखांपर्यंतचे बँक कर्ज वर्षाला सात टक्क्यांनी मिळते, आणि गटाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. अट एकच असते, ती म्हणजे गट जिवंत दिसला पाहिजे. पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. बँकेचा माणूस प्रत्यक्षात पाहतो ती वही. गेल्या सहा महिन्यांच्या बैठकांच्या सह्या आहेत का, कर्जाचे खतावणी पान आणि बँकेतली शिल्लक जुळते का, एकीचेच नाव पुन्हा पुन्हा कर्जात येते का, हे तो पाने उलटून बघतो. मी स्वतः अशी पाने उलटली आहेत, आणि खाडाखोड असली तरी रोजच्या रोज लिहिलेली वही मला एका बैठकीत एकाच पेनाने उतरवलेल्या स्वच्छ वहीपेक्षा जास्त विश्वासाची वाटत आली आहे. तुमच्या ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाची, बैठक कधी आहे ते पाहा, कर्जाचा विषय तिथे मांडा आणि गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बँक सखीला सोबत घेऊन शाखेत जा.

वसुलीचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत आणि ते गटातल्या प्रत्येकीला माहीत असले पाहिजेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे सूक्ष्म कर्ज विनातारण असते. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे हप्ते त्यापुढे जात असतील तर दुसऱ्या कंपनीने कर्ज देण्याआधीच थांबायला हवे होते. मुदतीआधी फेड केली तर दंड नाही. कर्जाचा सगळा तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यावा लागतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुली करता येत नाही, आणि ठरलेल्या जागी कर्जदार सलग दोनदा आली नाही तरच घरी यायचे असते. रात्री आठपर्यंत ओट्यावर बसणे या नियमांत बसत नाही. हे त्याला सगळ्या जणींनी मिळून सांगा, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ‘तुम्ही भरा’ याबद्दल मात्र करार वाचा. संयुक्त हमीवर कर्ज घेतले असेल तर एकमेकींची जबाबदारी तुम्ही स्वीकारलेली असते. ती स्वीकारली असली तरी दमदाटी आणि अपमान करण्याची परवानगी त्यातून कुणालाही मिळत नाही.

त्या सहा जणींना एका दुपारी एकत्र बसवा आणि प्रत्येकीचे प्रत्येक कर्ज एका कागदावर लिहून काढा. हप्ता फेडण्यासाठी नवे कर्ज काढायचे नाही, एवढे एक त्या दिवशी ठरवा. ज्या कंपनीचे शेवटचे थोडेच हप्ते उरले आहेत ते आधी संपवा आणि बाकीच्यांकडे मुदत वाढवून मागा. ज्यांना पाच टक्के महिन्याच्या सावकाराकडे जायचा विचार येत असेल त्यांना थांबवा. २०१४ च्या कायद्याने परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही शेतीसाठी दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला बारा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी मदतनीस आहे. महिन्याला सातशे रुपये बाजूला पडू शकतात. मुलगी सहा वर्षांची आहे. सोने घ्यावे, भिशी लावावी की पोस्टात टाकावे? (तालुका वरुड, जिल्हा अमरावती)

भिशी नको. ती फुटली तर हातात कागद नसतो. सोने अंगावर घालण्याच्या हौसेने घ्यायचे तर घ्या, पण बचत म्हणून दरमहा सातशेंनी ते होत नाही. पोस्टात तीनशेचे आवर्ती खाते उघडा, ते पाच वर्षांचे असते आणि अडीअडचणीला उपयोगी पडते. उरलेले चारशे मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खात्यात टाका. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचेच खाते उघडते, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, भरणा पंधरा वर्षे आणि मुदत एकवीस वर्षांची असते. सध्या व्याज ८.२ टक्के आहे आणि सरकार ते दर तिमाहीला जाहीर करते. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. सगळे सातशे तिथे अडकवू नका असे सांगण्याचे कारण हेच, की मधल्या काळात घरात कुणी आजारी पडले तर त्या खात्याला हात लावणे अवघड आहे. मुलीचे नाव जन्मदाखल्यावर आणि आधारवर एकसारखे आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या.

प्रश्न : मी शेतकरी आहे, पाच एकर माझ्या स्वतःच्या नावे आहे. पेरणीपासून वेचणीपर्यंत पत्नी माझ्या बरोबरीने राबते, पण कुठल्याच कागदावर ती शेतकरी नाही. तिचे नाव सातबाऱ्यावर लावायची माझी इच्छा आहे. वडील म्हणतात, असे केले तर घर फुटते. काय करावे? (तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा)

दादा, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. या सदराकडे पुरुषांची पत्रे फार कमी येतात, आणि स्वतःहून असे विचारणारी तर क्वचितच.

तुमच्या मनात आले ते नवे नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. त्यानंतर १९९२ मध्ये शासनानेही परिपत्रक काढले. त्यानुसार पतीने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. अर्ज तहसीलदारांकडे करायचा असतो. दुसरा मार्ग नोंदणीकृत बक्षीसपत्राचा आहे. महाराष्ट्रात पती-पत्नींमधल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर खर्च वेगळा. अमुक एकर पत्नीच्या एकटीच्या मालकीचे करायचे असेल तर बक्षीसपत्र अधिक पक्के, असे माझे मत आहे. जमिनीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेला विचारा.

वडिलांना समजावताना त्यांची भीती खोटी ठरवू नका. त्यांनी वाटण्या होताना आणि भाऊ-भाऊ दुरावताना पाहिले असेल. त्यांना सांगा की सहहिस्सेदार म्हणून नाव लागल्याने धुरे बदलत नाहीत, वावर एकच राहते. बदलते ते इतकेच की उद्या कुणी तुम्हाला गाठून अडचणीच्या वेळी जमीन लिहून मागितली तर एका सहीने ते काम होणार नाही, आणि तुम्हाला काही झाले तर तुमच्या पत्नीला वरच्या दुसऱ्या पत्रातल्या ताईंसारखे दुसऱ्याच्या कागदाकडे बघत बसावे लागणार नाही. पत्नीच्या नावे जमीन असली की पीक कर्ज, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्यांत तिला स्वतःच्या नावाने उभे राहता येते. आज ती आपल्याच वावरात राबते आणि नोंद मात्र कुठेच होत नाही.

घराचेही याच वेळी करून टाका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, दोघांची नावे लावण्यासाठी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या. तहसीलला जाल त्या दिवशी पत्नीला सोबत न्या, अर्ज त्यांना वाचून दाखवा किंवा त्यांनाच वाचू द्या, आणि नवा सातबारा निघाला की त्याची एक प्रत त्यांच्या पेटीत राहू द्या. पुढच्या खरिपाच्या कर्जाला बँकेत जाताना दोघे जा, आणि कर्जाचे कागद पुढे आले की खुर्चीवर आधी त्यांना बसवा.